टीका

सांगलीहून लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा
जिन्सी नाल्याच्या आमच्या गल्लीत
बायका एकमेकींना विचारायच्या, "टीका लगवा लिया?"
मला हसू आवरायचं नाही.
आमच्याकडे टीका होते माणसावर,
ती कुणी रांगेत उभं राहून घेऊन येत नाही.

आता हसत नाही.
आता मीच विचारते, दारोदार.

दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे लिहायचे त्या चौकटींत
हल्ली गल्लीतली पोरं असतात:
नसरीनचा धाकटा, नऊ महिने पूर्ण, मंगळवार.
परिहारांची जुळी, दुसरा डोस बाकी.
वरचे नवे भाडेकरू – एक मुलगी आहे, विचारायचं.

वेणूचं नाव कुठल्याच चौकटीत नाही.

तिचं कार्ड आहे. सगळ्या तारखा वेळेवर,
सगळे शिक्के. प्लास्टिकच्या पिशवीत जपलंय.
पण रक्तातला आजार पुसायचा
तर पाटीच पुसावी लागते, डॉक्टर म्हणाले,
अंगाने जे शिकून ठेवलं होतं
ते आता असेलच असं धरू नका.
मग परत द्या.
आत्ता नाही. औषधं संपू देत, वर काही महिने जाऊ देत.
"तोवर?"
त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.
"तोवर बाकीच्यांची."

गोवर म्हणे माणूस उठून गेला
तरी दोन दोन तास खोलीत बसून राहतो,
चहा झाला तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखा.
हे ऐकल्यापासून
मी रिकाम्या खोल्यांना घाबरते.

सासूबाई तीट लावतात. मी पुसत नाही.
त्यांची वेणूच्या गालावर,
माझी दुसऱ्यांच्या मुलांच्या दंडांवर.

रज्जो भाभी एकदा नळावर म्हणाली,
सगळ्यांसमोर:
"अपनी को लगवाया नहीं, हमारे के पीछे पड़ी है।"
ही मात्र आमच्या भाषेतली टीका.
बादली अर्धी भरली होती. तशीच उचलून आले.

रात्री वाटलं, खोटं काय बोलली?
मी तिच्याकडे तिच्या किट्टूचा दंड मागत होते.
त्याचं रडणं मागत होते, एका रात्रीचा ताप मागत होते,
माझ्या मुलीसाठी.
हे समाजकार्य नव्हे. भीक म्हणा हवं तर.
त्याचंही भलं त्यात होतं, हे खरं,
पण मी काही त्याच्यासाठी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परत गेले. पत्रक नेलं नाही.
तिने सांगितलं, थोरलीला सुई दिली तेव्हा
रात्रभर अंग तापलं होतं, हा गावी गेलेला,
कुणी नव्हतं जवळ.
एवढंच होतं. पाच वर्षं एवढंच अडून बसलं होतं,
आणि मला वाटत होतं ती अडाणी आहे.

मंगळवारी कुशवाह दीदींच्या टेबलापाशी
किट्टूचे पाय मी धरले.
रात्री थर्मामीटर घेऊन तिच्या ओट्यावर बसले.
शंभराच्या जरा वर गेला, पहाटे उतरला.
आम्ही गप्पाही फारशा मारल्या नाहीत.
तिने मुगाची मंगोडी तळली, मी खाल्ली.

सकाळी किट्टू आमच्या जाळीच्या दाराशी.
बाही वर करून, फुशारकीने, लाल ठिपका.
वेणू आतून पुढे आली,
केस नसलेलं डोकं जाळीला टेकवलं,
"दुखतंय?"
त्याला मराठी येत नाही. तो हो म्हणाला.
तिने फुंकर घातली.

जाळीतून पोचली की नाही, देव जाणे.
मी सवयीने
वारा कुठून कुठे वाहतोय ते पाहिलं.